स्थितिपट्टीवरील खुणा आणि त्यांचे वाचन

दूरवरच्या संगणकावर रात्रभर चालणारे काम सोपवून घरी जावे आणि सकाळी येऊन त्याचा निकाल पाहावा, ही रीत आता केवळ संगणकशास्त्राच्या अभ्यासकांपुरती राहिलेली नाही. मोठ्या मजकूरसंग्रहातील शब्दांची वारंवारता काढणे, सामान्यरूपे वेगळी करणे, ध्वनिमुद्रणांचे पृथक्करण करणे ही भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याचीही नित्याची कामे झाली आहेत. अशा वेळी काम कोठवर आले हे सांगणारी पहिली वस्तू म्हणजे पडद्याच्या तळाशी दिसणारी एक ओळ. ती ओळ चुकीची वाचली गेली, तर रात्रीच बंद पडलेले काम चालू आहे असे मानून दुसरा दिवसही वाया जातो; किंवा एका ठिकाणी द्यावयाचा आदेश दुसऱ्याच ठिकाणी दिला जाऊन जमवलेली सामग्री पुसली जाते. या ओळीवरील खुणांची व्यवस्था कशी आहे, आणि ती वाचताना कोणत्या ठिकाणी फसगत होते, याचे विवेचन येथे करावयाचे आहे. उदाहरणासाठी 'टीमक्स' हा टर्मिनल मल्टिप्लेक्सर घेतला आहे. त्याची जी रूपे वर्णिली आहेत ती वापरणाऱ्याने कोणताही फेरफार न करता मिळणारी मूळ रूपे होत.

१. व्यवस्थेची ओळख

टर्मिनलमधून सुरू केलेले काम साधारणतः त्या जोडणीला बांधलेले असते. जोडणी तुटली की बहुधा कामही थांबते. टर्मिनल मल्टिप्लेक्सर हा वापरणारा आणि काम यांच्यामध्ये उभा राहतो. कामे त्याच्या आधाराने चालतात; वापरणारा हवा तेव्हा निघून जाऊ शकतो आणि पुन्हा येऊन तेथेच जोडला जाऊ शकतो. शिवाय एकाच पडद्यावरून अनेक कामे पाहता येतात. या जातीचा जुना आणि प्रसिद्ध कार्यक्रम म्हणजे 'स्क्रीन'. तो ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टेन बोरमान यांनी बर्लिन येथे तयार केला व १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. टीमक्स हा निकोलस मॅरियट यांचा. तो २००७ मध्ये आला आणि २००९ मध्ये ओपनबीएसडी या प्रणालीच्या मूळ संचात समाविष्ट झाला.

टीमक्सची मांडणी तीन पायऱ्यांची आहे. सर्वांत वर 'सेशन', म्हणजे कामांचा एक संच. सेशनमध्ये अनेक 'विंडो'. त्यांपैकी एका वेळी एकच पडद्यावर असते. विंडोचे पुन्हा आडवे-उभे खण पाडता येतात, आणि प्रत्येक खणात एक स्वतंत्र काम चालते. पडद्यावर नसलेल्या विंडोंतील कामेही चालूच असतात. म्हणून जे दिसत नाही त्याविषयी काही सांगणारी एखादी जागा असणे आवश्यक ठरते. ही जागा म्हणजे स्थितिपट्टी.

२. पट्टीची रचना

मूळ पट्टी रोमन लिपीत, हिरव्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत असते. देवनागरीत उतरवल्यास तिचे रूप असे दिसेल :

[कोश] ०:बॅश- १:व्हिम*झेड २:पायथन# "सर्व्हर" १८:३० ०७-मार्च-२६

डावीकडे चौकटी कंसात सेशनचे नाव आहे. मध्ये विंडोंची यादी आहे. उजवीकडे अवतरणचिन्हांत एक शीर्षक, आणि शेवटी वेळ व दिनांक. यादीतील प्रत्येक घटकाची घडण ठरलेली आहे : आधी क्रमांक, मग विसर्गचिन्ह, मग विंडोचे नाव, आणि नावाला चिकटून खूण.

ही घडण मराठी शब्दाच्या घडणीची आठवण करून देते. 'घरासमोरच्यांनासुद्धा' या रूपात मूळ शब्दापुढे सामान्यरूपाचा आकार, मग शब्दयोगी अव्यय, मग षष्ठीचे रूप, मग चतुर्थीचा प्रत्यय आणि शेवटी 'सुद्धा' असा क्रम ठरलेला आहे. बोलणाऱ्याच्या मनात कोणती कल्पना आधी आली यावर तो अवलंबून नाही. टीमक्समध्येही एका नावापुढे एकाहून अधिक खुणा येऊ शकतात, आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. '#', '!', '~', '*', '-', 'एम', 'झेड' या क्रमानेच त्या लागतात. म्हणून खुणांच्या क्रमावरून घटनांचा क्रम ठरवू जाणे ही चूक होय. '#!' याचा अर्थ आधी हालचाल झाली आणि मग घंटा वाजली असा नाही. दोन्ही घडले आहे, एवढाच आहे.

डावीकडील कंसातही एक अडचण दडलेली आहे. या भागाला मुळात दहाच जागा दिलेल्या आहेत, आणि आरंभीचा कंस त्यांतील एक जागा घेतो. ज्या दोन सेशनांच्या नावांची पहिली नऊ अक्षरे सारखी आहेत ती पट्टीवर अगदी एकरूप दिसतात. 'एक' आणि 'दोन' असा भेद नावाच्या शेवटी ठेवला असेल तर तो नेमका कापला जातो. व्यवस्थेत भेद आहे, परंतु तो उच्चारला जात नाही, असा हा प्रकार आहे. दोन सेशनांत सारखीच कामे चालू असतील तर त्याचे परिणाम गंभीर होतात. उपाय सोपा आहे : भेद नावाच्या आरंभी आणावा, किंवा जागांची संख्या वाढवून घ्यावी.

३. स्थानदर्शक खुणा

या सात खुणांचे दोन वर्ग पडतात. '*', '-', 'एम' आणि 'झेड' या खुणा विंडोचे स्थान सांगतात. '#', '!' आणि '~' या विंडोत घडलेली घटना सांगतात.

तारा म्हणजे सध्या समोर असलेली विंडो. आडवी रेघ म्हणजे तिच्या आधी जी समोर होती ती. मराठीत बोलायचे तर तारा म्हणजे 'हे' आणि रेघ म्हणजे 'मघाचे ते'. दर्शक सर्वनामांप्रमाणेच यांना स्वतःचा स्थिर अर्थ नाही. रोमान याकोब्सन यांनी १९५७ च्या आपल्या निबंधात ज्या शब्दांचा अर्थ बोलण्याच्या प्रसंगावाचून ठरत नाही अशांचा विचार केला आहे. या दोन खुणा त्याच कुळातील आहेत. विंडो बदलताच तारा एकीकडून दुसरीकडे जातो, पण विंडोत चाललेल्या कामात तिळमात्र फरक पडत नाही.

ही सापेक्षता सिद्ध करणारा एक पुरावा टीमक्समध्येच आहे. दोन सेशनांचा गट करून त्यांत त्याच विंडो सामाईक ठेवता येतात. मार्गदर्शक एका सेशनला आणि विद्यार्थी दुसऱ्याला जोडलेला असेल, तर एकाच विंडोपुढे एकाच क्षणी एकाला तारा आणि दुसऱ्याला रेघ दिसू शकते. दोघेही खरे वाचत असतात. याउलट दोघे एकाच सेशनला जोडलेले असतील, तर एकाने विंडो बदलताच दुसऱ्याचाही पडदा बदलतो. कारण 'समोरची विंडो' ही व्यक्तीची नव्हे, सेशनची गोष्ट आहे.

'एम' ही खूण ज्या विंडोत चिन्हांकित केलेला खण आहे तिला लागते. खण जोडण्याच्या किंवा अदलाबदलीच्या आदेशांना तो खण मूळ म्हणून मिळतो, एवढेच तिचे प्रयोजन. 'झेड'चे महत्त्व अधिक आहे. एक खण मोठा करून त्याने सारी विंडो व्यापली की ही खूण लागते. बाकीचे खण तेव्हा झाकले जातात, बंद होत नाहीत. त्यांतील कामे चालूच असतात, आणि ते खण आहेत हे सांगणारी पट्टीवरील खूण ही एकच. ती नजरेतून सुटली तर खण नाहीसे झाले असे समजून तेच काम दुसऱ्यांदा सुरू केले जाते, आणि दोन कार्यक्रम एकाच फाइलीत लिहू लागतात.

येथे चिन्हाच्या यादृच्छिकतेचे एक नमुनेदार उदाहरण मिळते. स्क्रीनच्या विंडो-यादीतही तारा चालू विंडोला, रेघ आधीच्या विंडोला आणि उद्गारचिन्ह घंटेला आहे; पण तेथे 'झेड'चा अर्थ अगदी निराळा आहे. स्क्रीनमध्ये ज्या विंडोतील काम मरून केवळ तिचा सांगाडा उरला आहे तिला 'झेड' लागतो. एका व्यवस्थेत जे अक्षर 'मोठे केले आहे' असे सांगते, तेच दुसरीत 'मेलेले आहे' असे सांगते. हालचालीची खूणही स्क्रीनमध्ये '@' आणि टीमक्समध्ये '#' आहे. रेघ मात्र अधिक दूरवर पसरलेली दिसते : बॅशमध्ये पार्श्वभूमीतील कामांची यादी मागितली असता चालू कामापुढे अधिकचिन्ह आणि त्याच्या आधीच्या कामापुढे रेघच येते. काही चिन्हे एका व्यवस्थेतून दुसरीत टिकतात, काही रूप टिकवून अर्थ बदलतात. भाषांच्या संपर्कात जे घडते तेच येथे लहान प्रमाणात घडलेले आहे. म्हणून एका कार्यक्रमाच्या सवयीने दुसऱ्याची पट्टी वाचू नये.

४. घटनादर्शक खुणा

'#' ही खूण पडद्यावर नसलेल्या विंडोत काही मजकूर उमटला असे सांगते. 'सर्व्हर' नावाच्या वरील उदाहरणात '२:पायथन#' असे दिसते. घाईने वाचणारा याचा अर्थ 'काम चालू आहे' असा करतो. तसा तो नाही. विंडो शेवटची पाहिल्यानंतर तीत एकदा तरी काही उमटले आहे, एवढेच ही खूण सांगते, आणि ती विंडो पाहीपर्यंत तशीच राहते. मराठीच्या क्रियारूपांत सांगायचे तर हे 'येत आहे' असे अपूर्ण रूप नसून 'आले आहे' असे पूर्ण रूप आहे. जे आले ते गणनेचे पुढचे पाऊल असेल, किंवा काम कोसळल्याची सूचनाही असेल. दोहोंना खूण एकच.

उद्गारचिन्ह हे घंटेचे चिन्ह होय. आस्की संकेतात सातव्या क्रमांकाचे अक्षर हे घंटेसाठी राखलेले आहे. ते एखाद्या विंडोत आले की ही खूण लागते. घंटा कशासाठी वाजली हे टीमक्सला ठाऊक नसते. परंतु वापरणाऱ्याला तिचा अर्थ ठरवून देता येतो. लांबलेल्या कामाच्या आदेशानंतर घंटा वाजवणारा दुसरा आदेश जोडला की उद्गारचिन्ह म्हणजे 'संपले' असा संकेत निर्माण होतो. येथेही जोडणी कशी केली याला महत्त्व आहे. दोन आदेश केवळ अर्धविरामाने जोडले तर पहिला यशस्वी होवो वा फसो, घंटा वाजतेच; दोन ॲम्परसँडनी जोडले तर यश आल्यासच वाजते. पहिल्या रीतीत खूण 'संपले' म्हणते, दुसरीत 'साधले' म्हणते. आणि दुसऱ्या रीतीत अपयश आले तर ती काहीच म्हणत नाही.

'~' ही या वर्गातील विलक्षण खूण. ठरवून दिलेले सेकंद लोटले आणि विंडोत काहीच उमटले नाही, तर ती लागते. म्हणजे मौन हीच येथे घटना आहे. दर मिनिटाला प्रगती छापणाऱ्या कामासाठी दहा मिनिटांची मर्यादा ठेवली, तर ही खूण काम अडल्याची चांगली साक्ष देते. पण जे काम आपला निकाल फाइलीत लिहिते आणि पडद्यावर काहीच छापत नाही, ते उत्तम चालू असतानाही मौनच असते. मौनाचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्वभावावरून ठरतो.

५. अभावाचा अर्थ

या सर्व विवेचनातील कळीचा प्रश्न येथे येतो. नावापुढे काहीच खूण नसेल तर काय समजावे?

मराठीत 'मुलगा आंबा खातो' या वाक्यात 'आंबा' या कर्माला प्रत्यय नाही. तरीही हा अभाव अर्थपूर्ण आहे. कारण 'मुलगा भावाला बोलावतो' अशा वाक्यात त्याच जागी 'ला' येतो. प्रत्यय येण्याची शक्यता असताना तो न येणे, यालाच शून्य प्रत्यय म्हणता येते. पाणिनीच्या व्याकरणातील लोपाची कल्पनाही जेथे काही अपेक्षित आहे तेथील अदर्शनाची आहे. जेथे काही येणेच शक्य नाही, तेथील रिकामेपणाला अर्थ नसतो.

टीमक्समध्ये हे दोन्ही रिकामेपण एकाच रूपाने दिसतात. एकही खूण नसेल तर नावापुढे एक कोरी जागा सोडली जाते. परंतु हालचालीवर लक्ष ठेवण्याची सोय मुळात बंद असते. मौनाची मर्यादाही मुळात शून्य, म्हणजे बंदच असते. लक्ष असते ते फक्त घंटेवर. ही सोय सुरू केली नसेल तर '#' आणि '~' या खुणा त्या व्यवस्थेत अस्तित्वातच नसतात, आणि त्यांच्या अभावातून 'काही घडले नाही' असा निष्कर्ष काढता येत नाही. लक्ष ठेवले आणि काही घडले नाही, तसेच लक्षच ठेवले नाही, या दोन अगदी भिन्न परिस्थितींना पट्टीवर एकच कोरी जागा आहे. सकाळी येऊन ही कोरी जागा पाहणारा अभ्यासक जेव्हा निर्धास्त होतो, तेव्हा तो बहुधा पट्टीने न दिलेली ग्वाही वाचत असतो.

अशा प्रसंगी खुणांपेक्षा नाव अधिक बोलते. विंडोला स्वतः नाव दिले नसेल तर तिच्या चालू खणात जो कार्यक्रम चालू असेल त्याचे नाव टीमक्स आपोआप देतो. रात्री 'पायथन' असलेली विंडो सकाळी 'बॅश' झाली असेल, तर काम संपले आहे, मग ते पुरे होऊन असो वा मोडून असो. हा बदल कोणत्याही खुणेवाचून कळतो. मात्र 'वारंवारता' यासारखे सोयीचे नाव एकदा हाताने दिले की त्या विंडोपुरते आपोआप नाव बदलणे बंद होते. नाव अर्थवाही झाले, पण साक्षीदार नाहीसा झाला. विंडोंचे क्रमांकही असेच बोलतात. एखादी विंडो बंद झाली तरी उरलेल्यांचे क्रमांक बदलत नाहीत. ०, १, ३ अशी यादी दिसली तर दोन क्रमांकाची विंडो मिटली, हे त्या फटीवरून कळते. नवी विंडो उघडताच ती फट भरून जाते आणि पुरावाही जातो.

एका बाबतीत तर खूण नसणे धोक्याचे आहे. विंडोतील सर्व खणांत एकाच वेळी टंकलेखन पोचवण्याची सोय टीमक्समध्ये आहे. ती चालू असताना मूळ पट्टीवर कोणतीही खूण लागत नाही, आणि फाइल पुसण्याचा एक आदेश सर्व खणांत अमलात येतो. पट्टीच्या घडणीत एक अट घालून ही खूण वापरणाऱ्याने स्वतः निर्माण करावी हे बरे.

६. अवतरणातील शीर्षक आणि घड्याळ

उजवीकडील शीर्षक अवतरणचिन्हांत असते, आणि ते तसे असणे योग्यच आहे; कारण ते टीमक्सचे स्वतःचे विधान नाही. आरंभी तेथे संगणकाचे नाव असते, पण खणात चालणारा कोणताही कार्यक्रम ते बदलू शकतो. मराठीत ऐकीव गोष्ट सांगताना 'म्हणे' हा शब्द जोडून बोलणारा तिची जबाबदारी स्वतःवर घेत नाही. ही अवतरणचिन्हे म्हणजे पट्टीवरील 'म्हणे' होय. जवळच्या संगणकावरील टीमक्समधून दूरच्या संगणकावर गेल्यानंतर तेथील प्रणालीने शीर्षक बदलले नाही, तर पट्टीवर जवळच्याच संगणकाचे नाव राहते. ते पाहून आदेश देणारा भलत्याच ठिकाणी आदेश देतो.

घड्याळाचेही तसेच आहे. टीमक्स ज्या संगणकावर चालतो त्याची वेळ ते दाखवते, वाचणाऱ्याची नव्हे. परदेशातील सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर ठेवलेला असेल, तर पुण्यात मध्यरात्र होते तेव्हा पट्टीवर १८:३० दिसतात, आणि दिनांक त्यानंतर साडेपाच तास आदल्या दिवसाचाच राहतो. शिवाय पट्टी मुळात दर पंधरा सेकंदांनी नवी होते. तेव्हा मिनिटाचा काटा तेवढा मागे असू शकतो.

७. पट्टीत पट्टी

जवळच्या संगणकावर टीमक्स चालू असता दूरच्या संगणकावर जाऊन तेथेही टीमक्स उघडला की पडद्याच्या तळाशी दोन पट्ट्या दिसतात, आणि दोहोंवर तारा असतो. कोणता खरा? 'तो म्हणाला, मी उद्या येतो' या वाक्यात 'मी' आणि 'उद्या' हे शब्द सांगणाऱ्याचे नसून 'तो'चे असतात. तसेच येथे आहे : वरची पट्टी आतील टीमक्सची आणि तिचा तारा त्याच्या दृष्टीने खरा, तळाची पट्टी बाहेरील टीमक्सची आणि तिचा तारा तिच्या दृष्टीने खरा. कंट्रोल-बी ही आरंभकळ एकदा दाबली तर ती बाहेरचा घेतो. आतल्यापर्यंत पोचवण्यासाठी ती दोनदा दाबावी लागते. बाहेरची पट्टी पडद्याच्या माथ्यावर नेली किंवा तिचा रंग बदलला, तर कोण बोलत आहे याविषयी संभ्रम राहत नाही.

८. वाचनाची रीत

तात्पर्य, स्थितिपट्टी ही कामाच्या प्रकृतीचा अहवाल नव्हे. पाहणारा, विंडो आणि शेवटचे पाहणे या तिहींमधील संबंध ती नोंदवते. म्हणून प्रत्येक खुणेला तीन प्रश्न विचारावेत. ती कोणाच्या दृष्टीने खरी आहे? ती केव्हापासून खरी आहे? आणि ती नसती, तर तिच्या नसण्याला काही अर्थ असता काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर दोन मार्ग उरतात : लक्ष ठेवण्याची सोय आधीच सुरू करणे, किंवा विंडो उघडून प्रत्यक्ष पाहणे. रात्रीचे काम सोपवण्यापूर्वी पहिला मार्ग धरावा. सकाळी पट्टी कोरी दिसली तरी दुसरा सोडू नये.